दूध तर पांढरंच होतं

१

पेला पडल्याचा आवाज आला तेव्हा नंदूचा नुकता डोळा लागला होता. स्टीलचा पेला शहाबादी फरशीवर आपटला, गोल गोल घरंगळत गेला आणि भिंतीला टेकून थांबला. दुपारच्या त्या घटकेला आमच्या अणदूरच्या घरात एवढी शांतता असते की समईची वात चरचरली तरी ऐकू यावी. मी लेकीच्या मानेखालून हात अलगद काढला आणि धावले.

अत्ती खाटेला टेकून खाली फरशीवर बसल्या होत्या. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, गिरिजाबाई. आमच्याकडं निम्मं बोलणं कानडीत चालतं, म्हणून सासूला अत्ती. त्यांच्या लुगड्यावर, फरशीवर सगळीकडं दूध सांडलं होतं आणि त्या त्या दुधाकडं बघत होत्या, विंचवाकडं बघावं तशा.

"ह्यात कुनी काय घातलं?" त्यांनी विचारलं. "पिवळंजर्द हाय की. हळदीचा वास न्हाय. मंग काय घातलं?"

मी फरशीकडं पाहिलं. पुन्हा पाहिलं. दूध पांढरं होतं.

माझ्यामागं वर्षाताई येऊन उभ्या होत्या. माझ्या मोठ्या नणंद वर्षाराणी, कळंबला दिलेल्या. पंचमीला माहेरी आल्या आणि आईची तब्येत बघून राहिल्या. त्यांनी आधी दुधाकडं पाहिलं, मग आईकडं, मग माझ्याकडं. दूध मीच तापवलं होतं, मीच नेऊन दिलं होतं. त्यांनी वाकून पेला उचलला, नाकाशी धरला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "शिवकुमार आल्यावर बघू."

शिवकुमार म्हणजे माझा नवरा. शनिवारी येतो. आज गुरुवार होता.

२

अत्तींना उचलून खाटेवर घेताना माझ्या हाताला त्यांचं वजन लागलं. पंधरा दिवसांत बाई अर्धी झाली होती. जेवण समोर आलं की मळमळ. पायांत त्राण नाही. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या, श्रावणातल्या एकभुक्तानं अशक्तपणा आला असेल म्हणाले. आम्हीही मान डोलावली. श्रावणात अत्ती म्हणजे नुसता उत्साह असतो. तीन वेळा लिंगपूजा, तिन्ही वेळा पूजेनंतर वचनं म्हणायची, संध्याकाळी मठात बायकांच्या पुढं बसून आवाज लावायचा. त्यांच्या घशासाठी मी माहेराहून काय काय घेऊन आले होते. त्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं कोणत्या सुनेला वाटत नाही?

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बीपीचं मशीन काढलं. अत्तींना दोन वर्षांपासून हृदयाचा त्रास. सोलापूरच्या डॉक्टरांच्या दोन गोळ्या रोज: एक ठोके ताब्यात ठेवणारी, डिगॉक्सिन नावाची, आणि एक अंगातलं पाणी काढणारी, लघवीची. मामा दर सोमवारी आणि गुरुवारी बीपी मोजून वहीत लिहितात. वळणदार अक्षर, एक दिवस चुकवायचे नाहीत.

"वरचा एकशे साठ, खालचा नव्वद," मामांनी लिहिलं आणि मशीन बंद करायला हात नेला.

"मामा, थांबा. तो तिसरा आकडा?"

खाली कोपऱ्यात एक छोटं बदामाचं चित्र लुकलुकत होतं. शेजारी चव्वेचाळीस.

"ते असतंय मशीनचं काहीतरी. बॅटरीचं आसंल."

ते बॅटरीचं नव्हतं. मी अत्तींचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजलं. माझीच छाती एवढी धडधडत होती की त्यांचा ठोका हरवून जाई. तरी मोजलं. चव्वेचाळीस.

मी श्रावस्तीला फोन लावला. तुळजापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. आता तिचं जळकोटला हायवेवर मेडिकल आहे आणि अत्तींच्या गोळ्या तिच्याकडूनच येतात. मी नाडी सांगितली. मग तिनं विचारलं की मळमळतंय का, आणि नजरेचं काही बोलतात का.

"दूध पिवळं दिसलं त्यांना."

"शिवप्रिया, नीट ऐक," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बदलला. "ही गोळी अंगात जास्त झाली की माणसाला पिवळं दिसतं. पुढची गोळी द्यायची नाही. फाइलवरच्या नंबरावर आत्ता फोन कर आणि सोलापूरला निघा. नाडी आणखी उतरली तर ठोका मध्येच थांबू शकतो."

मी फोन केला. डॉक्टरांनीही तेच सांगितलं: लगेच आणा. शेजारच्या मल्लिकार्जुनची गाडी नळदुर्गला गेली होती. तो म्हणाला, चाळीस मिनिटांत पोचतो.

श्रावस्तीचा परत फोन आला. "तिथं पोचल्यावर पहिला प्रश्न येणार, की दोन वर्षं सोसलेली गोळी आत्ताच का चढली. उत्तर घेऊन जा. नाहीतर ते गोळी थांबवतील, बरं करतील, आणि घरी आल्यावर पुन्हा तेच होईल. एवढं बळ त्यांच्यात नाही आता. पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट बघ. तुमच्या हिशेबी औषध नसलेलीसुद्धा."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

३

आधी मला हे कळायला हवं होतं की सुरू कधी झालं.

मामांच्या वहीत तारखा होत्या पण नाडी नव्हती. मशीनमध्ये एक बटण असतं, दाबलं की जुने आकडे एकामागं एक दिसतात. तिथं नाडी होती पण तारखा नव्हत्या. मी वही मांडीवर घेतली आणि बटण दाबत गेले. वहीत सोमवारी एकशे छप्पन्न आणि अठ्ठ्याऐंशी. मशीनमध्ये एकशे छप्पन्न आणि अठ्ठ्याऐंशी, शेजारी बदाम आणि एक्कावन्न. त्याच्या आधीचा गुरुवार: अठ्ठावन्न. त्याच्या आधीचा सोमवार: सहासष्ट. त्याच्या आधीचा गुरुवार, पंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा: त्र्याहत्तर. तिथून मागं सगळं बहात्तर, चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर. सरळ रेघ.

दोन आठवडे हा आकडा आमच्यासमोर लुकलुकत खाली उतरत होता आणि आम्ही मशीन मिटून ठेवत होतो.

म्हणजे जे काही घरात शिरलं ते पंचमीच्या आसपास. पंचमीला काय काय झालं? वर्षाताई आल्या. मी एका दिवसासाठी माहेरी जाऊन आले. आणि त्याच्या चार दिवस आधी श्रावण लागला, एकाच्या जागी तीन पूजा सुरू झाल्या.

तीन पूजा. मी मामांना विचारलं, अत्ती गोळी कधी घेतात.

"पूजा झाली की," मामा म्हणाले. "विसरायला नको म्हणून पूजेच्या ताटातच ठेवतो पट्टी."

मला ओरडावंसं वाटलं. पूजा झाली की गोळी, आणि श्रावणात पूजा तीन. तीन पूजा, तीन गोळ्या. सापडलं. मी देवघरात धावले, ताटातली पट्टी उचलली. मामांनी मागं पेनानं तारीख लिहिली होती, उघडली त्या दिवसाची: रविवार. दहाची पट्टी. रविवार ते गुरुवार पाच दिवस. पट्टीत पाच गोळ्या शिल्लक होत्या. डब्यातल्या रिकाम्या पट्ट्या काढल्या, त्यांच्यावरच्या तारखांत बरोबर दहा दहा दिवसांचं अंतर. अत्तींनी एकही गोळी जास्त घेतली नव्हती.

तीन वाजून वीस.

वर्षाताई दारात उभ्या होत्या. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "माझ्याकडं बघू नको. चूर्ण मी दिलंय, मान्य. अण्णाराव वैद्यांचं आहे, पोट साफ होण्याचं. माझ्या सासूलाही देते."

"कधीपासून देताय, ताई?"

"सोमवारपासून. त्याच्या आधी पुडी फोडलीच नव्हती. तू बघितलंस की, तूच कात्री दिलीस."

खरं होतं. कात्री मीच दिली होती. आणि त्या सोमवारी सकाळी नाडी एक्कावन्नवर येऊनही बसली होती. चूर्णाच्या आधीच चोर घरात होता. तरी पुडी मी पिशवीत टाकली, डॉक्टरांना दाखवायला. ताई म्हणाल्या की मग दुधाचा पेलाही टाक. मी तोही टाकला.

आता उरल्या अत्ती. मी त्यांच्या उशाशी बसले, हात हातात घेतला. गार पडला होता. विचारलं, पिवळं आजच दिसलं का. त्यांनी मामांकडं पाहिलं. मामांनी खाली पाहिलं. दोन म्हाताऱ्या माणसांनी मिळून काहीतरी लपवलं होतं, लहान मुलांसारखं.

"सांग आता," मामा म्हणाले.

मग कळलं. आठवडा झाला होता. आधी समईभोवती पिवळं कडं दिसलं. मग भिंती. मग नंदूचा पांढरा फ्रॉक. अत्तींनी मामांना सांगितलं तेव्हा मामांनी हात जोडले होते. गावात खंडोबा, सगळ्या अंगाखांद्यावर भंडारा. श्रावणात त्रिकाळ पूजा करणारणीला जर सगळं जग पिवळं दिसू लागलं तर त्याचा आणखी काय अर्थ घ्यायचा?

"दर्शन हाय म्हनलो म्या," मामांचा आवाज खोल गेला. "कुनाला सांगू नगो म्हनलो. बोललं की जातंय आसलं."

म्हणून अत्ती बोलल्या नव्हत्या. आज दुधाला घाबरल्या नसत्या तर अजूनही बोलल्या नसत्या.

बाकी काय घेता हो अत्ती, मी विचारलं. गोळ्या सोडून. तेल, काढा, पान, तपकीर, काहीही.

"काय न्हाय गं. डॉक्टरबी इचारतेत दर बारीला. काय न्हाय."

तीन वाजून तीस. वीस मिनिटं राहिली होती आणि माझ्या यादीतली सगळी नावं खोडून झाली होती. वर्षाताई भिंतीला टेकून माझ्याकडं बघत होत्या, आणि मला कळत होतं की त्यांच्या यादीत एक नाव अजून तसंच आहे.

४

"आई, दूध मी पुसू?"

नंदू उठून आली होती. डोळे अर्धे मिटलेले, केस विस्कटलेले, आणि हातात तिच्या बाहुलीचा झाडू. बोटाएवढी काडी, एका टोकाला पिसारलेली, खराखुरा छोटा झाडू. ती खाली बसून फरशीवरच्या वाळत चाललेल्या दुधावर झाडू फिरवू लागली.

मी म्हटलं, नको बाळा, फडक्यानं पुसते. झाडू बाजूला घेण्यासाठी मी तिचा हात धरला. बोटांना चिकट लागलं. मी काडी नीट पाहिली. टोक कापलेलं नव्हतं. चावलेलं होतं. आतून पिवळसर.

"नंदू, हा झाडू कुणी दिला तुला?"

"अज्जीनं. माझ्याकडं खूप आहेत."

"खूप म्हणजे?"

ती धावत गेली आणि चपलांचा रिकामा खोका घेऊन आली. माझ्यासमोर उपडा केला. आम्ही दोघींनी मोजलं. तिला विसापर्यंतच येतं, म्हणून वीस, पुन्हा वीस, आणि वर पाच. पंचेचाळीस.

पंचेचाळीस भागिले पंधरा दिवस. तीन.

रोज तीन. तीन पूजा, तीन वेळा वचनं, तीन वेळा आवाज लावायचा. पूजेबरोबर काहीतरी तिप्पट झालं होतं हे मला बरोबर दिसलं होतं. फक्त ती गोळी नव्हती.

काडी मी जिभेला लावली. चावून चोथा झालेली असूनही गोड. साखरेसारखी नाही, रेंगाळणारी, घशापर्यंत उतरणारी गोडी. आणि तेव्हा मला सकाळचा चहा आठवला. गेले कितीतरी दिवस अत्ती चहाचा कप परत पाठवत होत्या, साखर लई झाली म्हणून. मी साखर कमी करत करत शेवटी घालणंच बंद केलं, तरी तक्रार गेली नाही. वर्षाताईंनी ऐकवलंही होतं की एवढी शिकलेली सून, पण चहाचं माप कळत नाही. चहात गोडी नव्हतीच. ती अत्तींच्या तोंडात होती, सकाळच्या पूजेपासूनची.

ज्येष्ठमध.

देवघराच्या फडताळात, तांब्यामागं, पितळी डबी होती. मी उघडली. तळाशी चार-सहा काड्या उरल्या होत्या. डबी अत्तींची होती. काड्या तुळजापूरच्या काष्ठौषधीच्या दुकानातल्या, चांगल्या जाड निवडून घेतलेल्या. पंचमीला माहेरी गेलेल्या सुनेनं, सासूचा आवाज मोकळा राहावा म्हणून, येताना आणलेल्या.

मी डबी हातात धरून तशीच उभी राहिले. चोर सापडला होता.

५

श्रावस्तीला फोन लावला तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येईना. ज्येष्ठमध, रोज तीन काड्या, रस गिळून, पंधरा दिवस.

मग ती भराभर बोलू लागली. खोकल्याला एखादी काडी वेगळी आणि हे वेगळं. ज्येष्ठमध अंगात पाणी धरून ठेवतं म्हणून बीपी चढलं, आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर घालवतं. अत्तींची पाण्याची गोळीही पोटॅशियम घालवते. दोन्हीकडून गळती, वर एकभुक्त आणि मळमळीनं जेवण बंद. आणि पोटॅशियम उतरलं की हृदयाची तीच एवढीशी गोळी कितीतरी पटीनं लागू होते. गोळी वाढली नव्हती, अंगच तिच्यापुढं उघडं पडलं होतं. नाडी, मळमळ, पायांतला अशक्तपणा, पिवळी नजर, सगळं एका काडीवर येऊन बसलं.

"डबी बरोबर घे," ती म्हणाली. "आणि शिवप्रिया, रडायचं ते गाडीत रड."

बाहेर हॉर्न वाजला. मी खोलीत गेले. मामा अत्तींच्या अंगावर शाल पांघरत होते. मी डबी पुढं केली आणि सांगितलं, एका दमात, सगळं. शेवटी हेही सांगितलं की आणलं मी. ताईंकडं न बघता सांगितलं.

मामांनी डबी हातात घेतली. "म्हंजे देव न्हवता त्यो," ते म्हणाले.

माणसाचं दर्शन काढून घेणं हे काही सुनेचं काम नव्हे. पण अत्तींनीच खाटेवरून तोंड उघडलं, धापा टाकत.

"तरीच म्हनलं, देव दुधात कशाला यील. त्याला काय कामं न्हाईत व्हय?"

मामा हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मग अत्तींनी माझ्याकडं पाहिलं. त्या म्हणाल्या की डॉक्टर दर वेळी विचारायचे, दुसरं काही औषध घेता का, आणि त्या खरं तेच सांगायच्या, काही नाही. काडी काय औषध असते? ती तर तोंडात असते. ज्येष्ठमध मठातल्या सगळ्याच बाया चघळतात.

अत्तींना आम्ही दोघींनी उचललं, ताईंनी एका बाजूनं, मी दुसऱ्या. गाडीच्या दाराशी ताई हळूच म्हणाल्या की चूर्ण त्यांनीही विचारून आणलं नव्हतं. एवढंच. मग त्या आईला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू पुढं बस. डॉक्टरांशी तूच बोल. तुला नीट सांगता येतं."

सोलापूरपर्यंत मी पाठीमागं हात करून अत्तींचं मनगट धरून होते. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीस.

६

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं, आणि पहिला प्रश्न तोच विचारला. मी पिशवी टेबलावर उपडी केली: दोन्ही गोळ्या, ॲसिडिटीच्या गोळ्या, चूर्ण, पेला, डबी, वही, आणि बाहुलीचे पंचेचाळीस झाडू. त्यांनी पेला बाजूला सारला. एक झाडू उचलून फिरवून फिरवून पाहिला आणि नर्सला सांगितलं, पोटॅशियमचा रिपोर्ट आधी मागव. रिपोर्ट आला. फार खाली होतं.

चार दिवस यंत्रावर हिरवी रेघ बघत काढले. सलाइनमधून पोटॅशियम थेंब थेंब जात राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अत्तींनी नर्सकडं बोट दाखवून विचारलं की हिचा झगा कालपर्यंत पिवळा होता, आज पांढरा कसा. ताई मोठ्यानं हसल्या आणि मग तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. नाडी अडुसष्ट होती.

घरी आल्यावर मी एक मोठा कागद घेतला. अत्ती झोपल्या होत्या, ताई कळंबला गेल्या होत्या, मामा मठात गेले होते, बायकांना काड्यांचं सांगायला. कोण कोण बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या घेतं ते विचारून येतो म्हणाले. नंदू माझ्याजवळ पोटावर पडून रंगीत खडूंनी कागदाच्या कडेला फुलं काढत होती.

मी लिहीत गेले. गोळीचं नाव, कशासाठी, कधी. काय झालं तर लगेच फोन: मळमळ, चक्कर, पिवळं दिसणं. नाडीसाठी वेगळा रकाना, रोज सकाळी गोळीच्या आधी. साठच्या खाली गेली तर गोळी न देता डॉक्टरांना विचारायचं. आणि खाली मोकळी जागा, तेल, चूर्ण, काढा, काडी, जे जे तोंडात जाईल ते ते लिहायला. नवं काही आलं तर आधी श्रावस्तीला विचारायचं, मग तोंडात घालायचं.

नंदू मधून मधून भर घालत होती. अज्जी माझ्या ताटातली बटाट्याची भाजी खाते, ते लिही. मी लिहिलं. अज्जी चोरून लिमलेटची गोळी खाते. तेही लिहिलं. ती जे सांगेल ते मी लिहीत होते, कारण आता मला काहीच लहान वाटत नव्हतं.

कागद भरला. मी तो अत्तींच्या खाटेजवळच्या भिंतीला चिकटवला आणि मागं सरून पाहिला. अत्तींचा श्वास संथ चालला होता. नंदू माझ्या कमरेला बिलगून कागद वाचल्यासारखं करत होती. तिला वाचता येत नाही अजून. एकेका ओळीवरून तिनं बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, काही राहिलं नाही ना बघितल्यासारखं. मग तिनं मान वर केली.

"आई, सगळं सगळं लिहून ठेवलं, की मग माणूस मरत नाही ना?"